आपट्यांच्या तीन गोष्टी आणि बोलपटाचा कान

कृष्णा आणि वारणा यांच्या मधल्या काळ्या रानात वरच्या अंगाला आष्टा आहे, खालच्या अंगाला समडोळी, आणि दोन्ही नद्या जिथं एकमेकींना मिळतात तिथं हरिपूर. मराठी बोलपटानं आवाजाचं काय केलं याची हकीकत सांगताना लोक कोल्हापूर आणि पुण्यापासून सुरुवात करतात. स्टुडिओ तिथं होते, यंत्रं तिथं होती, तेव्हा त्यात चुकीचं काही नाही. पण त्या हकीकतीतले मोठे टप्पे ज्या गोष्टींवर उभे राहिले, त्या लिहिणारा माणूस या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यातला होता. नारायण हरी आपटे यांचा जन्म १८८९ सालचा, समडोळीचा. पुढं ते सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावात स्थायिक झाले आणि ढिगानं कादंबऱ्या लिहीत राहिले. आज त्या फारशा कुणी वाचत नाही. त्यांच्यावरून निघालेले चित्रपट मात्र अजून पाहिले जातात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ऐकले जातात.

‘सावकारी पाश’ आपट्यांच्या कथेवरचा. तो दोनदा निघाला, १९२५ साली मुका आणि १९३६ साली बोलका. ‘अमृतमंथन’ १९३४ चा, त्यांच्या ‘भाग्यश्री’ कादंबरीवरून. आणि १९३७ चा ‘कुंकू’ त्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वरून. बारा वर्षांत एकाच लेखकाच्या तीन गोष्टी पडद्यावर आल्या, आणि त्याच बारा वर्षांत मराठी सिनेमा मुका होता तो बोलायला लागला, मग फार बोलायला लागला, आणि शेवटी गप्प कधी बसावं हेही शिकला. हा योगायोग असेलही. तरी या तीन गोष्टींच्या मागं मागं गेलं की चित्रपटात आवाज किती तऱ्हांनी काम करतो ते जितकं नीट कळतं, तितकं एखाद्या पाठ्यपुस्तकातून कळणार नाही.

मूकपट कधीच पूर्ण मुका नव्हता, हे आधी सांगायला हवं. पडद्याखाली पेटी-तबला घेऊन माणसं बसायची. लढाई आली की तबला चढायचा, देव प्रकटला की पेटीवर ओळखीची चाल यायची. अक्षरं न येणाऱ्यांसाठी कुणीतरी पाट्या मोठ्यानं वाचायचा. सांगलीच्या बाजूच्या प्रेक्षकाला यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीच्या दरबारात ‘सीता स्वयंवर’ केलं, तेव्हापासून गोष्ट एकानं करायची आणि गाणं दुसऱ्यानं म्हणायचं, ही रीत इथल्या कानाच्या सवयीची होती. भाव्यांचा सूत्रधार मागं उभा राहून पदं म्हणे आणि पुढं पात्रं वावरत. पडद्याखालचा पेटीवाला त्याच सूत्रधाराचा वंशज म्हणायला हरकत नाही. फक्त एक अडचण होती. तोच चित्रपट सांगलीत एका चालीवर दिसायचा आणि मुंबईत दुसऱ्या. आवाज दिग्दर्शकाच्या हातात नव्हता. तो थिएटरमालकाच्या आणि त्याच्या पेटीवाल्याच्या मर्जीवर होता.

बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं कोल्हापुरात १९२५ साली ‘सावकारी पाश’ केला तो याच व्यवस्थेत. कर्जात बुडालेला शेतकरी, जमीन गिळणारा सावकार, आणि शेवटी शहराची वाट धरणारं कुटुंब. तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांताराम नावाच्या पोरानं केलं होतं. पौराणिक कथांच्या त्या काळात असा विषय घेणं हे धाडसच. वाळवे तालुक्यात हा विषय कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. पुढं १९४३ पासून याच भागात नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं सावकारांना जे धडे शिकवले, त्याची कारणं आपट्यांच्या कथेत आधीच लिहिलेली सापडतात. आष्टा तेव्हा सातारा जिल्ह्यातच होतं. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ साली वेगळा झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० साली मिळालं.

१९३१ च्या मार्चमध्ये मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि पेटीवाल्यांची नोकरी गेली. आवाज आता फिल्मवरच होता. फिल्मच्या कडेला एक बारीक पट्टी असते. आवाजाच्या चढउताराप्रमाणे ती गडद-फिकी किंवा रुंद-अरुंद होत जाते. प्रोजेक्टरमधला एक छोटा दिवा तिच्यातून प्रकाश पाठवतो, पलीकडचा फोटोसेल त्या प्रकाशाची वीज करतो आणि कर्ण्यातून आवाज बाहेर पडतो. यानं एक गोष्ट कायमची बदलली. मूकपटाचा कॅमेरा आणि प्रोजेक्टर हातानं फिरवायचे, वेग जरा इकडेतिकडे झाला तरी चालायचं. आता वेग हलला की सूर हलतो. म्हणून सेकंदाला २४ चौकटी हा दर पक्का बांधला गेला.

त्या काळात चित्र घेताना जो आवाज होईल तोच कायमचा. मागून भरण्याची सोय जवळपास नव्हती. ‘आलम आरा’चा स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ, म्हणून गाड्या थांबल्यावर रात्री चित्रीकरण करावं लागे. नटानं स्वतः गायचं, वाजवणाऱ्यांनी कॅमेऱ्याच्या नजरेआड कुठंतरी दडून वाजवायचं, माइक कुठंतरी लपवायचा, आणि त्या माइकच्या टप्प्याबाहेर नटानं हलायचं नाही. आधीच्या दहा वर्षांत चालायला-पळायला शिकलेला कॅमेरा पुन्हा एका जागी बसला. जगभर हेच झालं. १९२८ साली रशियात आयझेन्स्टाइन, पुडोव्हकिन आणि अलेक्झांड्रोव्ह या तिघांनी जाहीर इशाराच दिला होता की ओठांशी आवाज जुळवण्यात अडकाल तर सिनेमा पुन्हा नाटक होईल, आवाज चित्राच्या विरुद्ध दिशेनंही वापरायला शिका. कोल्हापुरात हा मजकूर कुणी वाचला असेल असं मला वाटत नाही. पण अडचण तीच होती, आणि उत्तर शोधणारी माणसंही होती.

ती माणसं म्हणजे प्रभात फिल्म कंपनी. १ जून १९२९ ला कोल्हापुरात ती निघाली, शांताराम, विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्या भागीदारीत. यातले बहुतेक पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले, म्हणजे मुळात रंग आणि पडदे यांत वाढलेले. बोलपट आल्यावर ध्वनीचं खातं दामल्यांनी अंगावर घेतलं. चित्रकाराच्या हाती माइक गेला, हे प्रभातचं नशीब, असं माझं मत आहे. गायकाच्या हाती गेला असता तर गाणं सुटलं नसतं. नकलाकाराच्या हाती गेला असता तर संवाद सुटले नसते. चित्रकाराला रिकामी जागा सोडायची सवय असते.

अर्थात ती सवय पहिल्याच चित्रपटात दिसली असं नाही. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’, मराठीतला पहिला बोलपट म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, तो गाण्यांनी भरलेला आहे. गोविंदराव टेंबे राजा हरिश्चंद्र, दुर्गा खोटे तारामती, आणि संगीतही टेंब्यांचंच. संगीत नाटकाचा प्रेक्षक दारात उभा होता आणि त्याला हवं ते दिलं गेलं. दुसराही एक बदल झाला. मूकपटाला भाषा नव्हती. पाट्या बदलल्या की कोल्हापूरचा चित्रपट लाहोरलाही चालायचा. बोलपटाला भाषा आली, म्हणून प्रभातनं तोच चित्रपट हिंदीतही वेगळा चित्रित केला. आवाजानं सिनेमाला जीभ दिली आणि त्याच जिभेनं त्याच्या मुलखाची हद्दही आखून दिली.

१९३३ साली प्रभात पुण्यात गेली आणि नव्या स्टुडिओतला पहिला चित्रपट आपट्यांच्या ‘भाग्यश्री’वरून निघाला. ‘अमृतमंथन’मध्ये देवीचं देऊळ आहे, बळी आहेत, बळी बंद करणारा राजा आहे आणि त्याच्यावर उलटलेला राजगुरू आहे. हा चित्रपट आजवर सगळ्यांनी डोळ्यांनीच लक्षात ठेवलाय. हिंदी आवृत्तीतल्या चंद्रमोहनच्या एका डोळ्याचा तो प्रचंड क्लोजअप, टेलिफोटो लेन्सनं घेतलेला, पुस्तकापुस्तकांतून सांगितला जातो. मला त्यातली दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. मराठीत राजगुरू होते केशवराव दाते. महाराष्ट्र नाटक मंडळीत घडलेले हे नट रंगभूमीवर बारीक, आतल्या अभिनयासाठी नावाजलेले होते. बोलपटाचा माइक आवाज फेकणाऱ्याला फसवतो आणि आवाज राखणाऱ्याला मोठं करतो. कंपनी नाटकातल्या अनेक खणखणीत गळ्यांचं पडद्यावर हसं झालं, दात्यांचं झालं नाही. संवाद हाही आवाजच आहे, शब्दांच्या आधी तो श्वास, खर्ज आणि थांबा आहे, हे त्यांच्या कामात कळतं. गाण्याच्या बरोबरीनं बोलण्याचा पोत हे दुसरं साधन प्रभातच्या हाती इथं आलं.

तिसरं साधन कोल्हापुरात, जुन्या गुरूच्या हाती सापडलं. बाबूराव पेंटरांनी १९३६ साली ‘सावकारी पाश’ पुन्हा केला, या वेळी आवाजासह. वाडिया मूव्हीटोनचे जे. बी. एच. वाडिया यांनी या चित्रपटाबद्दल एक आठवण लिहून ठेवली आहे. मुका ‘सावकारी पाश’ त्यांना अंधुक आठवत होता, पण पेंटर किती मोठे कलावंत होते हे त्यांना बोलपट पाहिल्यावर उमगलं. त्यांच्या मनात कायमचं राहिलं ते एक दृश्य. अंधारात बुडालेलं उदास खोपट, लांबून दिसणारं, आणि त्यावर फक्त एका कुत्र्याचं रडणं. वाडिया हे धावत्या गाड्या, चाबूक आणि ‘फिअरलेस नादिया’ यांचे चित्रपट काढणारे गृहस्थ. त्यांच्यासारख्याला एका कुत्र्याच्या आवाजानं हलवलं, ही दाद साधी नाही.

कुत्र्याचं हे रडणं नीट ऐकलं पाहिजे. तो संवाद नाही, गाणं नाही. तो गावातला आवाज आहे, आणि इथल्या माणसाला त्याचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. रात्री कुत्रं रडायला लागलं की म्हातारी माणसं उठून त्याला हाकलतात, कारण कुणाच्या तरी घरावर काहीतरी येतंय अशी त्यांची खात्री असते. सावकाराची जप्ती पडद्यावर दाखवायला पाच मिनिटं लागतील. ती येणार आहे, हे त्या कुत्र्यानं काही सेकंदांत सांगितलं. बाहेरच्या जगातही याच सुमाराला लोक हे शिकत होते. फ्रिट्झ लांगच्या १९३१ च्या ‘एम’मध्ये खुनी दिसण्याआधी त्याची शीळ ऐकू येते. पेंटरांना त्यासाठी बर्लिनकडे बघावं लागलं नाही. त्यांचं खोपट पन्हाळ्याच्या किंवा वाळव्याच्या कुठल्याही वाटेवर उभं होतं.

त्याच वर्षी पुण्यात दामले-फत्तेलालांनी ‘संत तुकाराम’ केला. त्याच्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की इथं थोडक्यात सांगतो. विष्णुपंत पागनिसांचं गाणं सगळ्यांना आठवतं, पण तो चित्रपट तोलला जातो तो जिजाईच्या आवाजावर. तुकारामांची बायको जिजाई झालेल्या गौरीबाईंचं ते कातावलेलं, गावठी, घाईचं बोलणं अभंगाच्या शेजारी ठेवलं, म्हणून अभंगाला जमीन मिळाली. नुसते अभंग असते तर ते कीर्तन झालं असतं. संगीत केशवराव भोळ्यांचं होतं, आणि आता गोष्ट त्यांच्याकडे वळते.

केशवराव भोळे प्रभातमध्ये आले ते नाट्यमन्वंतरातून. १९३३ साली त्या संस्थेनं ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणलं. नाटककार वर्तकांनी ते नॉर्वेच्या बियर्नसनच्या नाटकावरून केलं होतं. तास तास चालणारी पदं, वन्समोअर आणि तबल्याची आतषबाजी हे सगळं तिथं बाजूला ठेवलं. मोजकीच गाणी, तीही प्रसंगात बसतील अशी. संगीत भोळ्यांचं, आणि त्या मंडळींत केशवराव दातेही होते. म्हणजे ‘कुंकू’ करायला प्रभातमध्ये जे दोन केशवराव होते, ते दोघंही गाणं कमी कसं करायचं हे आधी रंगभूमीवर शिकून आलेले होते. हा धागा माझ्या मते फार कमी सांगितला जातो. शांतारामांच्या धाडसाचं कौतुक होतं आणि ते व्हायलाच हवं, पण धाडसाला हात देणारी माणसं घरात नसती तर ते कागदावरच राहिलं असतं.

आणि विषय तर इथलाच. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ साली ‘शारदा’ लिहिलं, म्हाताऱ्याशी लावल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचं. त्या नाटकातली पदं घराघरांत गेली. मुलीचं दुःख महाराष्ट्रानं आधी गाण्यातून ऐकलं. अडतीस वर्षांनी, हरिपुराजवळच्याच समडोळीच्या आपट्यांची त्याच दुःखावरची गोष्ट पडद्यावर आली, आणि पटकथाही आपट्यांनीच लिहिली. यातली नीरा रडून थांबत नाही. मामानं फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावलं, तरी ती त्याला नवरा मानायला नकार देते आणि तो नकार त्याच घरात राहून रोज जगते. शांता आपटे नीरा, दाते ते वकील काकासाहेब, आणि त्यांची सुधारणावादी मुलगी झाल्या होत्या शकुंतला परांजपे. हिंदीत हाच चित्रपट ‘दुनिया न माने’.

या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. हे वाक्य लिहायला सोपं आहे, म्हणून जरा थांबून त्याचा अर्थ बघू.

आज कुठल्याही ध्वनिमुद्रण स्टुडिओत गेलं तर चित्रपटाच्या आवाजाचे अनेक कप्पे दिसतात. संवाद वेगळे. गाणी वेगळी. दारं, गाड्या, बंदुका, पाऊस हे परिणाम वेगळे. पावलं, कपड्यांची सळसळ, भांडं खाली ठेवल्याचा आवाज हे सगळं चित्र बघत बघत पुन्हा वाजवून घेतात. त्याला फोली म्हणतात, हॉलिवूडमधल्या जॅक फोली यांच्या नावावरून. मग वातावरण, म्हणजे रानातली रात्र, चौकातली दुपार, रिकाम्या खोलीचासुद्धा स्वतःचा एक आवाज असतो तो. आणि या सगळ्याच्या वर किंवा खाली पार्श्वसंगीत. पण या कप्प्यांपेक्षा मोठी एक फाळणी आहे. काही आवाज गोष्टीतल्या माणसांना ऐकू येतात. काही फक्त आपल्याला, खुर्चीत बसलेल्यांना. वकिलाच्या घरातलं घड्याळ नीराला ऐकू येतं. तिच्या दुःखावर वाजणारं सारंगीचं करुण वाक्य तिला ऐकू येत नाही. ते आपल्यासाठी असतं, आपण केव्हा हळवं व्हायचं ते सांगायला.

‘कुंकू’नं हा दुसरा वर्ग सरळ काढून टाकला. त्या घरात जे वाजतं, तेवढंच आपल्याला ऐकायला मिळतं. गाणी आहेत, पण ती पात्रं म्हणतात. नीरा लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते, रस्त्यावरचा भिकारी गातो. ते काम मास्टर परशुराम यांनी केलं. संगीतकाराच्या दृष्टीनं पाहिलं तर भोळ्यांनी आपलं अर्धं काम स्वतःच्या हातानं पुसून टाकलं. मेहनतान्याची वाटाघाट करणारा कुठला संगीत दिग्दर्शक आज हे मान्य करेल, याची मला शंका आहे.

संगीत गेल्यावर घर वाजायला लागलं. भिंतीवरचं जुनं घड्याळ या चित्रपटात एखाद्या पात्रासारखं वावरतं. त्याची टिकटिक म्हणजे काकासाहेबांचं वय. ते स्वतःला तरुण भासवायला मिशा रंगवतात, ऐटीत वावरतात, पण घड्याळ त्यांना गप्प करता येत नाही. एरवी जिथं तंतुवाद्यं आली असती, तिथं इथं टिकटिक येते, आणि तंतुवाद्यांनी आपल्याला काकासाहेबांची दया करायला लावली असती, घड्याळ काहीच करायला लावत नाही. ते फक्त वेळ सांगतं. माझ्या मते या चित्रपटाचं न्यायीपण इथं आहे. काकासाहेब खलनायक नाहीत, नीरा देवी नाही, कारण दोघांच्याही मागं कुणी वाद्यं घेऊन उभं नाही. बाजू घेणारा आवाजच नाही.

नीरा सावत्र मुलाला छडीनं फोडून काढते तो प्रसंग घ्या. त्या काळच्या दुसऱ्या कुठल्या चित्रपटात तिथं नगारा घुमला असता, आणि प्रेक्षकाला कळलं असतं की ही विजयाची जागा आहे. इथं छडीचा आवाज आहे. तो ऐकताना बरंही वाटतं आणि अंगावर काटाही येतो, आणि दोन्हींतलं कुठलं निवडायचं ते चित्रपट सांगत नाही. हिचकॉकचा पक्ष्यांवरचा ‘द बर्ड्स’ पार्श्वसंगीताशिवाय केला म्हणून जगभर नावाजला जातो. तो १९६३ चा. ‘कुंकू’ त्याच्या सव्वीस वर्षं आधीचा.

एक अडचण मात्र प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. पुण्या-मुंबईच्या थिएटरात ही शांतता ऐकू गेली असेल. आष्ट्यासारख्या गावांना सिनेमा भेटायचा तो बहुतेक जत्रेच्या हंगामातल्या तंबूत. तंबूमागं धडधडणारं इंजिन, एकच प्रोजेक्टर, म्हणून रीळ संपलं की दिवे लागायचे, रडणारी पोरं, शेंगावाला, बाया एका अंगाला आणि गडी दुसऱ्या अंगाला, आणि बांबूला टांगलेला पत्र्याचा कर्णा, ज्यातून बारीक आवाजाचं सगळं बारीकपण गळून जायचं. अशा ठिकाणी घड्याळाची टिकटिक कुणाला ऐकू जाणार? वाद्यमेळाचा गदारोळ इंजिनावर मात करतो, शांतता करू शकत नाही. निर्मात्यांनी पुढं पार्श्वसंगीताचा मारा वाढवत नेला, त्यामागं हेही एक व्यवहारी कारण असणार, असं मला वाटतं. त्यांची अभिरुची वाईट होती असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण त्यांचं गिऱ्हाईक कुठं बसलं होतं तेही बघितलं पाहिजे. तरी ‘कुंकू’ चालला, मराठीत आणि हिंदीतही.

नंतरचा काळ भराभर सांगता येतो, कारण त्यात शिकण्यापेक्षा विसरणं जास्त आहे. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनं पार्श्वगायन आणलं होतं. ते रुळल्यावर गळा एकाचा आणि ओठ दुसऱ्याचे झाले, भाव्यांच्या सूत्रधाराची रीत एका अर्थानं परत आली. १९४२ साली शांतारामांनी प्रभात सोडून राजकमल काढलं. १९४५ साली दामले वारले. पुढच्या काळात मराठी सिनेमा आवाजानं जिवंत राहिला तो तमाशापटांत. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ घ्या. दिग्दर्शन अनंत मान्यांचं, पटकथा व्यंकटेश माडगूळकरांची, गाणी गदिमांची, संगीत वसंत पवारांचं. माडगूळकर बंधू आटपाडीच्या माणदेशातले, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘वैजयंता’वरही १९६१ साली चित्रपट निघाला. या चित्रपटांत ढोलकी बोर्डावर बसलेली असते, वाजवणारा दिसतो, नाचणारी तिच्यावर पाय टाकते. म्हणजे ढोलकी गोष्टीतल्या माणसांनाही ऐकू येते, आणि म्हणूनच ती खोटी वाटत नाही. पण फड उठला आणि कथा पुढं सरकली की व्हायोलिनं सुरू होतात आणि पुन्हा आपल्याला रडायचं कुठं ते शिकवलं जातं. पुढच्या तीसेक वर्षांतले कितीतरी मराठी चित्रपट मला याच कारणासाठी ऐकवत नाहीत. बघवतात, ऐकवत नाहीत.

कान परत आला तो फार उशिरा. २०१४ च्या चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’मध्ये वाद्यं हळवं करायला येत नाहीत. खोलीतला पंखा, कागद, वकिलांची कंटाळलेली बोलणी यांवर तो चालतो, आणि काकासाहेबांच्या घरातल्या घड्याळाशी त्याचं नातं सरळ लागतं. नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’त डुक्कर पकडताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि पळणारं अख्खं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं, डुक्कर मात्र समोरून निघून जातं. तो आवाज शाळेतून येतो, पात्रांना ऐकू येतो, म्हणूनच त्यांना थांबवतो. तेच राष्ट्रगीत पार्श्वसंगीत म्हणून वाजलं असतं तर ते एक भाषण झालं असतं. आणि ‘सैराट’चा शेवट. अजय-अतुलनी त्या चित्रपटाचं संगीत थेट हॉलिवूडच्या स्टुडिओत मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं होतं. त्या सगळ्या वैभवानंतर शेवटच्या काही मिनिटांत आवाजच बंद केला आहे. लहान पोराचं रडणं दिसतं, ऐकू येत नाही. १९३६ साली पेंटरांनी एक आवाज घालून जे केलं, तेच मंजुळेंनी सगळे आवाज काढून केलं.

प्रभात १९५३ च्या सुमाराला बंद पडली. त्याच आवारात १९६० साली सरकारनं फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. तिथं ध्वनिमुद्रणाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, आणि तिथूनच शिकून गेलेल्या रसूल पूकुट्टींना २००९ साली ‘स्लमडॉग मिलेनियर’च्या आवाजासाठी ऑस्कर मिळालं. ‘कुंकू’ ज्या आवारात मुद्रित झाला ते हेच.

समडोळीत किंवा आष्ट्यात आपट्यांचं नाव आज कुणाला विचारलं तर काय उत्तर येईल, याचा अंदाज वाचकांनी करावा. निदान दोन्ही गावच्या शाळांनी आणि वाचनालयांनी एकदा ‘कुंकू’ लावावा. चित्रपट आजही पाहायला मिळतो. पण एक अट पाळा. पंखे बंद ठेवा, मोबाइलवर बघत असाल तर इअरफोन लावा, आणि पहिल्यांदा घड्याळ ऐका.